आप्पांच्या घरचं पाव्हणं

आप्पांनी बॉलपेनच्या टोपणाने एक बटण दाबलं, पडद्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. पडद्यावर काहीच उमटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबलं, या खेपेला जरा जोरात. तरी काही नाही. शेवटी त्यांनी ते यंत्र उलटं करून मांडीवर आपटलं. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण सगळे करतो तेच.

"आवं आप्पा, फोडताय काय?" मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "मघापतूर बरं चाललंतं की."

चाललं होतं खरं. तळहाताएवढा तो संगणक. वर छोट्या बिस्किटपुड्याएवढा पडदा, खाली ज्वारीच्या दाण्याएवढी बटणं. सकाळपासून काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी पळत होत्या आणि त्या थांबल्या की यंत्र काहीबाही विचारत होतं. भाषा कोणती, देश कोणता, वापरणाऱ्याचं नाव काय. स्थळ बघायला आलेल्या पाहुण्याने विचारावं तसं एकेक. तिथवर आम्ही उत्तरं दिली. मग त्याने पासवर्ड मागितला आणि आमचं घोडं अडलं. कितीही बटणं दाबा, पडद्यावर एक ठिपकासुद्धा येईना.

मी आप्पांच्या भाचीला, शिवांजलीला, फोन लावला. ती पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे आणि हे यंत्र तिनेच पाठवलेलं. ती हसायलाच लागली.

"कपिलदादा, लिनक्समध्ये पासवर्ड टाकताना दिसत नसतो. चांदण्यासुद्धा दिसत नाहीत. तुम्ही नुसता टाइप करा आणि एंटर मारा."

"म्हंजे दिसायचं न्हाई, पण हाय म्हणायचं?" मी म्हणालो. "आमी बुद्धाची माणसं. असल्या गोष्टीवर आमचा इस्वास न्हाई बसत."

आप्पा खांदे हलवून हसले. हसताना त्यांचा आवाज निघत नाही, खांदेच हलतात. त्यांनी पाटी ओढली आणि पासवर्ड काय ठेवलाय ते खडूने लिहून दाखवलं, म्हणजे मलाही टाकून बघता येईल. पाटीवर लिहिलं होतं, बनुबाई. तेवढ्यात बनुकाकी, म्हणजे आप्पांची बायको, चहा घेऊन बाहेर आल्या आणि आप्पांनी तळव्याने पाटी खसाखसा पुसली.

"पुसताय कशाला?" मी चेष्टेत म्हणालो. "काकींस्नी कुठं वाचाय येतंय?"

म्हणायला म्हणालो आणि लगेच जीभ चावली. कारण सगळं दुखणं तिथंच होतं.

आकाराम आप्पांना आमच्या भागात शेतकरी म्हणून कुणी ओळखत नाही. आष्ट्यापासून शिराळ्यापर्यंत, आणि तिकडे कराडला चिकटलेल्या मलकापुरापर्यंत, कुठल्याही गावची यात्रा असो, कुस्त्यांच्या मैदानात माईकवर आप्पा असायचे. पैलवान मातीत उतरला की आप्पा त्याचं गाव सांगायचे, बापाचं नाव सांगायचे, वस्तादाचं नाव सांगायचे, आणि असं सांगायचे की त्या पोराची छाती आणखी वीतभर फुगायची. अगदी काडीपैलवानालाही त्यांनी कधी नुसतं सोडलं नाही. कुस्ती रंगली की ते म्हणायचे, "टाळ्या नगं, हलगी वाजवा," आणि मग हलगीवाला जो काही सुटायचा त्याला तोड नसायची.

त्या माईकच्या मागे मी. माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा. सुरुवातीला एका गावात, आमच्या वस्तीतला पोरगा माईक लावतोय म्हटल्यावर दोघंतिघं कुजबुजले होते. आप्पांनी कुणाशी वाद घातला नाही. पहिली जोड पुकारण्याआधी त्यांनी माईकवर सांगितलं, "मंडळी, आवाज तुमच्यापतूर आणतोय जाईबाईचा लेक कपिल." त्यानंतर प्रत्येक मैदानात ते माझं नाव आईच्या नावासकट घ्यायचे. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात भांगलत होती. तिचं नाव लाउडस्पीकरवर घेणारा तो एकच माणूस. त्याच्यासाठी मी काय करणार नाही?

मग आप्पांच्या घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाजाची पेटी गेली. गळ्याला भोक राहिलं आणि त्यावर मलमलीचं फडकं आलं. ते फडकं बनुकाकी रोज उकळून धुतात आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालतात, त्या दोरीला दुसरं काही लागू देत नाहीत. मिरजेच्या दवाखान्यात त्या आप्पांच्या खाटेखाली वाकळ टाकून राहिल्या. नळीवाटे पेज घातली, रात्रीचा दिवस केला आणि डॉक्टरांनी मान हलवलेला माणूस घरी चालवत आणला.

घरी आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. हाक मारायची तर आप्पा टाळी वाजवायचे आणि विहिरीवर असले तर मोटारीच्या पायपावर पान्ह्याने दोन ठोके मारायचे. बाकी सगळं पाटीवर. माझ्याशी, गावाशी, पाटीवर भागायचं. पण बनुकाकी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. ज्या बाईने जगवलं तिच्याशीच बोलायची सोय राहिली नाही. मीठ कमी आहे ही खूण करता येते. म्हशीला वैरण टाक हीसुद्धा करता येते. तुझे माझ्यावर लय उपकार आहेत, ही खूण कशी करायची? आप्पांनी एकदा तिच्यासमोर हात जोडले, तर काकी म्हणाल्या, "कुठं निघालायसा?"

मोबाइल टाइप केलेलं बोलून दाखवतो हे मलाही ठाऊक होतं. पण आप्पांची बोटं खोऱ्याने आणि पान्ह्याने इतकी राठ झालेली की मोबाइलच्या काचेला ती माणसाची वाटतच नाहीत. दहादा दाबावं तेव्हा एक अक्षर, तेही शेजारचं. शिवांजलीने हे दिवाळीला आली तेव्हा बघितलं आणि बटणांचा हा छोटा संगणक पाठवून दिला. तयार करूनच पाठव म्हणालो, तर नाही म्हणाली. "मी करून दिलं तर बिघडल्यावर परत माझ्याकडेच पाठवाल. तुम्हीच बसवा, म्हणजे तुम्हीच दुरुस्त कराल." भाची असली तरी बोलणं अगदी वस्तादाचं.

असे आम्ही दोन नवशिके मळ्यातल्या बाजेवर बसलो. मला संगणकातलं येतं म्हणजे लग्नात गाणी लावता येतात, तेवढंच. नखाएवढ्या मेमरी कार्डात लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम, भरायचं होतं. मी आपली ती फाइल कार्डावर नेऊन टाकली, पेनड्राइव्हवर गाणी टाकतात तशी. यंत्र ढिम्म. मग कळलं की ती तशी टाकायची नसते, एका वेगळ्या प्रोग्रामने कार्डावर लिहायची असते. ते जमलं, तर पासवर्डाने अडवलं. पासवर्ड न बघता टाकायला शिकलो, तर पुढे हुकूम आले. या यंत्राला चित्रावर बोट ठेवून काम सांगता येत नाही, हुकूम लिहावा लागतो, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडायची राहिली तरी ते म्हणतं, असला हुकूम मला सापडत नाही.

"सरकारी हापिसातनं आलंय वाटतं," मी म्हणालो.

आप्पांचा धीर माझ्यापेक्षा मोठा. हुकूम बरोबर लागला की ते उठायचे आणि मोटारीच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने तो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवायचे. जागा सोडायची तिथे एक छोटी फुली. बनुकाकी येता-जाता त्या भिंतीकडे बघायच्या.

"कसलं मंतर लिवल्यात म्हणायचं? मोटरीला भूत लागलंया का काय?"

"काकी, भूत न्हाई. आप्पांचा आवाज येणार हाय."

"येतंय म्हणं," त्या म्हणाल्या आणि शेणाची पाटी उचलून निघून गेल्या. त्यांनी मिरजेला इतक्या जणांचं 'होईल बरं' ऐकलं होतं की आता त्या कशालाही हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या.

बोलणारा प्रोग्राम बसला त्या दिवशी दुपारची वेळ होती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, यंत्र त्याचं देवनागरी करणार आणि मोठ्याने वाचणार. मी माझा एक छोटा स्पीकर त्याला जोडला. आप्पांनी टोपणाने एकेक दाणा टिपावा तसं लिहिलं आणि एंटर दाबलं.

"आगं, ऐकलं का," यंत्र म्हणालं.

पुरुषाचा आवाज, पण सपाट. एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसा. बनुकाकी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चटकन पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि सूप घेऊन थेट आत गेल्या. शिराळ्याची लेक. नागाला न भिणाऱ्या गावची. ती एका डबीला बुजून आत गेली.

"काकी, काय झालं?"

"आरं, पाव्हणं कोण आलंय ते सांगायचं न्हाई का आदी?" आतून दबका आवाज आला.

आप्पांचे खांदे असे हलायला लागले की मला भीती वाटली, गळ्यावरचं फडकं पडेल. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं की कशाचं हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी पुन्हा टिपायला घेतलं. लय वेळ लागला. आत काकी चुलीपाशी उभ्या, बाहेर मी स्पीकर धरून. मग यंत्र म्हणालं, "पाव्हणा न्हाई. मीच हाय."

काकी पदर तसाच धरून उंबऱ्यापर्यंत आल्या. एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, एकदा डबीकडे.

"चा टाकू?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी टिपलं. "टाक. साकर जास्त."

"साकर मिळायची न्हाई," काकी म्हणाल्या, "पाव्हण्याच्या तोंडून सांगितलं तरी न्हाई." किती दिवसांनी त्या घरात असा वाद झाला असेल. मी उगाच वायर गुंडाळत बसलो, कारण माझं तोंड त्या दोघांना दिसू द्यायचं नव्हतं.

पाव्हणं हे नाव तेव्हापासून पडलं. काकी यंत्राला आदराने वागवायच्या. त्याच्यावर ऊन आलं की फडकं टाकायच्या. आप्पाही तयार झाले. नेहमीची वाक्यं एकेका अक्षराच्या नावाने साठवून ठेवायची युक्ती त्यांना शिवांजलीने फोनवर सांगितली. एक अक्षर आणि एंटर दाबलं की चहा, दुसरं दाबलं की वैरण. कधीतरी मी गेलो की पाव्हणं आपणहून म्हणायचं, "कपिल, धंदा कसा हाय?" आणि मी गंभीर चेहऱ्याने त्याला उत्तर द्यायचो.

चैत्रात आमच्या गावची यात्रा. यात्रा कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब मळ्यात येऊन सांगून गेले की यंदा मैदानात आप्पांचा सत्कार करायचा. ते गेल्यावर आप्पांनी मला बसवून घेतलं आणि काकी ओढ्याला गेल्यात याची खात्री करून पाव्हण्याला बोलायला लावलं.

"मला मैदानात तिचं नाव घ्याचं हाय. आभार मानायचं हायीत. घरात म्हणलं तर ती साकर न्हाई म्हणंल."

आता बाहेरच्या माणसाला यात काय विशेष वाटेल? पण आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात बायका बसत नाहीत आणि आप्पांच्या वयाचे पुरुष बायकोला नावाने हाकही मारत नाहीत. आगं, ऐकलं का, यावर त्यांचा संसार निघतो. ज्या माणसाने मैदानात हलगीवाल्यापासून पाणी मारणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली, त्याच्या तोंडी घरचं एक नाव कधी आलं नव्हतं. आणि आता तोंडच राहिलं नव्हतं. मी म्हणालो, "आप्पा, तुमी लिवा. मैदानापतूर न्यायचं काम माझं."

ते रोज थोडं थोडं लिहीत राहिले. अक्षराला अक्षर जोडून, टोपणाने. लिहायचे, ऐकायचे, पुसायचे. काकी जवळ आल्या की चहाचं अक्षर दाबायचे, त्यामुळे त्या दिवसांत आप्पांना चिक्कार चहा मिळाला.

यात्रा तोंडावर आली आणि एका संध्याकाळी वळवाचे ढग जमले. वीज चमकायला लागली, लाइट ये-जा करू लागली. अशा वेळी आमच्याकडचा शेतकरी पहिल्यांदा एकच करतो. मोटारीच्या बोर्डातले पांढरे चिनी मातीचे फ्यूज, ज्यांना आम्ही किटकॅट म्हणतो, ते उपसून खिशात घालतो. मग वर कितीही कडकडू दे, मोटार सुखरूप. आप्पांनी विहिरीवर जाऊन किटकॅट काढले. घरात आले. पाव्हणं चार्जरला लावलेलं, चालू, भाषण उघडं. आप्पांच्या हाताने त्याच सवयीने त्याचं कार्ड खट्कन उपसलं आणि किटकॅटच्या शेजारी खिशात टाकलं.

सकाळी त्यांनी कार्ड परत बसवलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या, मध्येच थांबल्या, आणि पुढे काही नाही.

मला बोलावणं आलं तेव्हा आप्पा बाजेवर मांडी घालून बसले होते, पाव्हणं समोर, हात मांडीवर. मिरजेहून आणलं त्या दिवशी असे बसले होते. मी शिवांजलीला फोन लावला.

"चालू असताना कार्ड काढलं?" तिचा आवाज पडला. "कपिलदादा, ते त्या वेळी लिहीत असणार. कार्ड गेलं. नवीन कार्डवर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. भाषणाची कॉपी दुसरीकडे ठेवलीय का?"

नव्हती. कुणाला माहीत होतं कॉपी ठेवायची? पाटीवरचं कधी कुणी कॉपी करतं का?

बनुकाकी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की पाव्हणं बोलेनासं झालं. "त्येलाबी गाठ आली का रं?" त्यांनी हळूच विचारलं.

आणि मला थांबताही येत नव्हतं. यात्रेचा मंडप माझ्याकडे, शिवाय आष्ट्याला एका लग्नाचं काम. मी नवं कार्ड आणून दिलं, माझा लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि म्हणालो, "आप्पा, मी आलो की बघू. न्हाई जमलं तर पाटीवर लिवा, मी वाचून दावतो माईकवर." आप्पांनी मान हलवली. हो म्हणून नाही. त्यांना दुसऱ्याच्या तोंडून आभार मानायचे नव्हते. तिथवर मला समजत होतं. पण त्यांच्या राठ बोटांनी आणि एकट्याने हे सगळं व्हायचं नाही, हेही मला समजत होतं, आणि मी त्याच विचारात गावात मांडव ठोकत होतो.

मैदानाच्या सकाळी मी मळ्यात गेलो तर आप्पा बाजेवर नव्हते. मोटारीच्या खोलीत, भिंतीसमोर पोत्यावर बसले होते. कोळशाच्या ओळींवर एकेक करून खुणा केलेल्या, वरून खालपर्यंत. काकी दारात.

"जेवण वक्तावर न्हाई, काय न्हाई," त्यांनी तक्रार केली. "भितीकडं बघायचं आन टकटक, भितीकडं बघायचं आन टकटक."

आप्पांनी माझ्याकडे बघून एक अक्षर दाबलं.

"कपिल, चा घे," पाव्हणं म्हणालं.

मी तिथेच पोत्यावर टेकलो. खरं सांगतो, मला इतका आनंद पोरगं पास झालं तेव्हा झाला नव्हता. पासवर्ड न दिसता टाकलेला, जागा न चुकता सोडलेल्या, भाषण पुन्हा लिहिलेलं, सगळं त्या एका माणसाने. शिवांजली म्हणाली होती ते खरं झालं, ज्याने बसवलं त्यानेच दुरुस्त केलं. सुरुवातीला यंत्र स्वतःचं नाव काय ठेवायचं तेही विचारतं. मागच्या खेपेला आम्ही काहीतरी ठोकून दिलं होतं. आता पडद्यावर पहिल्याच ओळीत इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, पाव्हणा.

दुपारी मैदान भरलं. लाल मातीवर पाणी मारलेलं, कडेने माणूसच माणूस. मी भोंगे बांधत होतो तेव्हा आप्पा आले आणि त्यांनी एका भोंग्याकडे बोट करून तो त्यांच्या मळ्याच्या दिशेने फिरवायला सांगितला. मी फिरवला. मळा ओढ्यापलीकडे, वारं तिकडेच जाणारं. ऐकू जायला हरकत नव्हती.

सत्काराची वेळ आली. लालासाहेबांनी फेटा बांधला, नारळ दिला. आप्पांनी पाव्हणं पुढे केलं तसे ते जरा चपापले.

"आप्पा, मशीन कशाला? लोकं हसत्यात उगंच."

आप्पांनी टिपलं. "हसू द्यात," पाव्हणं म्हणालं.

मी पाव्हण्याची पिन माझ्या मिक्सरला लावली. इतकी वर्षं आप्पांच्या तोंडापुढे माईक धरला, आज वायर जोडली, एवढाच फरक, असं मी स्वतःला समजावलं आणि पिन दोनदा दाबून बघितली. आप्पांनी दोन्ही हातांनी यंत्र धरलं आणि एंटर दाबलं.

"राम राम मंडळी. मी आकाराम. आवाजाकडं बघू नगा."

मैदान हसलं. वाईट हसू नव्हतं, पण हसलं. एसटी स्टँडचा आवाज कुस्तीच्या मैदानात ऐकल्यावर कोण हसणार नाही? आप्पा थांबले. हसू ओसरेपर्यंत थांबायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग त्यांनी पुन्हा दाबलं.

"ह्या मातीत मी लय जोड्या पुकारल्या. एक ऱ्हायली. ती आज पुकारतो. गाव शिराळा. बाप केरबा. वस्ताद कुणी न्हाई. नाव बनुबाई."

शेजारी उभ्या पैलवानाने अंगाला माती लावायची थांबवली.

"कुस्ती लागली माझ्या दुखण्याबर. दुखणं थोराड. डॉक्टर म्हणलं, जोड बरुबरीची न्हाई. ही म्हणली, लावा."

पाव्हण्याच्या आवाजात चढ नाही, उतार नाही. पण त्या सपाट आवाजातही आप्पांचा श्वास कुठे पडला असता ते सगळ्या मैदानाला ठाऊक होतं.

"ही खाली आली न्हाई. म्हणून मी हितं उभा हाय. तिचं आभार मला घरात मानाय आलं न्हाईत. हितं मानतो. कुस्ती निकाली. टाळ्या नगं. हलगी वाजवा."

हलगीवाल्या धनाजीने डोळे पुसले आणि तो असा सुटला की मिक्सरवरचे दिवे लाल झाले. मी आवाज कमी केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वायर न्यायला मळ्यात गेलो. आप्पा विहिरीवर होते. काकींनी चहा दिला, कालचा विषय काही काढला नाही. शेवटी मीच विचारलं.

"काकी, काल आलं का ऐकू?"

"धार काढत हुते," त्या म्हणाल्या. कप उचलता उचलता म्हणाल्या, "धार तशीच ऱ्हायली. म्हस बघाय लागली माझ्याकडं."

मग त्यांनी विहिरीकडे एक नजर टाकली आणि पाव्हणं पदराने पुसत माझ्यापुढे ठेवलं.

"कपिल, ह्येला ह्यांचं नाव घ्याय येतंय का रं?"

मला आधी कळलं नाही.

"मला घ्याय येत न्हाई," त्या म्हणाल्या. "लग्नात उखाण्यात घेतलंतं, तेवढंच. मिरजंला दवाखान्यातल्या बाईनं इचारलं पेशंटचं नाव, तवाबी तूच सांगितलंस. ह्यांनी एवढ्या माणसांत माझं घेतलं. मी कसं घिऊ?"

माझ्या बायकोला, आम्रपालीला, माझं नाव घ्यायला कधी अडचण आलेली नाही, रागात तर मुळीच नाही. पण काकींचं वेगळं. आप्पांनी शिवांजलीकडून शिकलेली युक्ती मी बघून ठेवली होती. एका अक्षराच्या नावाने तो एकच शब्द साठवला. काकींना अक्षर वाचता येईना, तर त्यांनी देव्हाऱ्यातून करंडा आणला. त्या बटणावर कुंकवाचा बारीक ठिपका लावला आणि एंटरवर हळदीचा.

"आदी कुक्कू, मग हळद," त्या पुटपुटल्या. पदर डोक्यावर नीट घेतला, बोट टेकवलं आणि मान खाली घातली.

"आकाराम," पाव्हणं म्हणालं.

विहिरीवर काहीच हालचाल नव्हती. मी छोट्या स्पीकरचा आवाज मोठा करून तो उंबऱ्यात ठेवला. काकींनी पुन्हा कुंकू दाबलं, हळद दाबली.

"आकाराम."

तिकडे पान्हा खाली पडल्याचा आवाज आला. आणि मग मोटारीच्या पायपावर दोन ठोके.